सट्टा बेकायदा आहे का? आधी सांगा, तुम्ही उभे कुठे आहात

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. माझं कपाट भरलंय ते वाटपाचे दावे, बांधाची भांडणं, पोटगी आणि चेक बाऊन्स यांनी. जुगाराच्या केसेस मी मागायला जात नाही, त्या येतात. आयपीएलचा हंगाम आणि उसाची बिलं खात्यावर पडायची वेळ आमच्याकडे साधारण एकच असते, त्यामुळे मार्च उजाडला की कुणी ना कुणी बाररूमच्या दारात घुटमळतो. कधी पक्षकार, कधी पक्षकाराचा मेहुणा, एकदा तर आमच्याच कोर्टातला एक कर्मचारी. प्रश्न एकच: "मॅडम, क्रिकेटवर पैसे लावणं गुन्हा आहे का हो?"

माझं उत्तर ऐकून माणूस वैतागतो. मी विचारते, "कुठे उभं राहून?"

ही थट्टा नाही. महाराष्ट्रात सट्ट्याचा कायदा खरोखरच बराचसा जागेचा कायदा आहे. आपला मूळ कायदा १८८७ चा, मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. आता नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय. त्यातल्या व्याख्येप्रमाणे पैज लावणं म्हणजे जुगारच. पण लगेच पुढे अपवाद आहे: घोड्यांच्या शर्यतीवर (आणि कुत्र्यांच्याही, कायद्यात तसं लिहिलंय) लावलेली पैज त्यातून वगळली आहे. अट अशी की पैज शर्यतीच्याच दिवशी लागली पाहिजे, आणि परवाना असलेल्या रेसकोर्सने त्यासाठी राखून ठेवलेल्या आवारात किंवा सरकारने मान्य केलेल्या जागीच लागली पाहिजे. म्हणजे पावसाळ्यात पुण्याच्या आणि हिवाळ्यात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कुंपणाच्या आत उभा असलेला माणूस शौकीन. त्याच घोड्यावर, त्याच मिनिटाला, कुंपणाबाहेरच्या टपरीवर पन्नास रुपये लावणारा माणूस आरोपी. घोड्याला यातलं काही ठाऊक नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, तमिळनाडूच्या लक्ष्मणन खटल्यात, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. वंशावळ, जॉकी, वजन, मैदान हे सगळं अभ्यासून माणूस पैसे लावतो, हे त्यामागचं म्हणणं. मला ते पटतं. पण मग आमच्या एसटी स्टँडसमोरचा केशकर्तनालयवाला वानखेडेची खेळपट्टी, दव, नाणेफेक आणि शेवटच्या चार षटकांतले गोलंदाज यांवर जे बोलतो ते ऐकलं, तर अभ्यासात तो कुठल्याही रेसवाल्याला हार जाणार नाही. त्याच्यासाठी कुंपण घातलेलं आवार नाही, एवढाच फरक.

जागेचा खेळ इथे संपत नाही. याच कायद्याचं कलम १२ रस्त्यावरच्या, सार्वजनिक ठिकाणच्या जुगाराचं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर रोज जी दोन ओळींची बातमी असते, 'कल्याण मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिताना एकास पकडले, रोख रक्कम व साहित्य जप्त', ती याच कलमाची. पोलिसांना वॉरंट लागत नाही. मुद्देमाल म्हणजे एक बॉलपेन, चिठ्ठीबुक, आणि शेकड्यांत मोजता येईल एवढी रोकड. बहुतेक जण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरतात आणि दुपारच्या एसटीने घरी जातात, कारण केस लढवण्याचा खर्च दंडापेक्षा जास्त. मोठा अड्डा असेल तर कलम ४ आणि ५, अड्डा चालवणारा आणि तिथे सापडलेला. पण घरात चार मित्र बसून, कुणी जागेचे पैसे न घेता, गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळले, तर ते घर एरवी 'जुगाराचा अड्डा' ठरत नाही, कारण पत्त्यांच्या बाबतीत अड्डा ठरायला चालवणाऱ्याचा नफा लागतो.

एरवी म्हणते, कारण काही गोष्टींना घरातही माफी नाही. कायद्याने त्या नावानिशी सांगितल्यात, आणि ती यादी वाचताना मला नेहमी गंमत वाटते: कापसाचा भाव, त्या भावातले आकडे, शेअरची किंमत, पाऊस पडेल की नाही. जुन्या मुंबईत पावसावर सट्टा चालायचा, त्याची ही खूण. कापसाच्या आकड्यांवरूनच पुढे मटका आला. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावर लागणारा आकडा बंद पडला, मग साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे स्वतःच काढायला घेतले, आणि ओपन-क्लोज (आधी निघणारा आणि नंतर निघणारा आकडा) हे शब्द गिरणगावापासून आमच्या बाजारतळापर्यंत पोचले. या सगळ्या यादीत क्रिकेट मात्र नाही. १८८७ साली क्रिकेट साहेबांचं आणि पारशी जिमखान्याचं होतं, त्यावर गावोगाव पेट्या आणि खोके लागतील असं कुणाच्या स्वप्नात नसणार.

मग क्रिकेटवरचा सट्टा बेकायदा कसा? 'जुगारात पैज येते' या साध्या व्याख्येमुळे. आणि सुटका कशी? तर कलम १३ मुळे, ज्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही असं म्हटलंय. आता क्रिकेट हा कौशल्याचा खेळ, यात वाद नाही. पण कौशल्य बुमराहचं. पैसे लावणाऱ्याचं काय? याच फटीतून फँटसी ॲप, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडून पैसे लावायची ॲप, आत आली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुरदीपसिंग सच्चर यांच्या याचिकेवर निकाल दिला की ड्रीम ११ वर संघ निवडणं हे कौशल्य आहे, कारण तिथला निकाल प्रत्यक्ष सामना कोण जिंकतं यावर ठरत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, जीएसटीच्या मुद्द्यावर स्थगिती वगैरे झाली, पण धंदा चालू राहिला आणि २०२३ मध्ये त्या कंपनीचं नाव थेट भारतीय संघाच्या जर्सीवर आलं.

माझ्याकडे येणाऱ्या माणसाने या निकालातलं एक अक्षरही वाचलेलं नसतं. त्याने जर्सी बघितलेली असते. तो म्हणतो, "मॅडम, बेकायदा असतं तर इंडियाच्या टी-शर्टवर आलं असतं का?" आणि मग तो ज्याला 'आयडी' म्हणतो ते दाखवतो: व्हॉट्सॲपवर कुणीतरी दिलेलं लॉगिन, परदेशी साइट, आणि सेशन, फॅन्सी, लगाई-खाई ही सट्ट्याची बोली. याचा फँटसीशी काडीचा संबंध नाही. हा सरळ बुकीचा धंदा, फक्त वहीऐवजी स्क्रीन. पण त्याच्या डोक्यात दोन्ही एकच आहेत, आणि ते एकच वाटावं म्हणून जाहिरातवाल्यांनी चिकार मेहनत घेतली आहे. बेटिंग साइटच्या नावाची 'न्यूज' वेबसाइट काढायची आणि तिची जाहिरात करायची, हा प्रकार इतका माजला की माहिती व प्रसारण मंत्रालयाला २०२२ मध्ये वाहिन्यांना दोनदा लेखी समज द्यावी लागली.

मग आला ऑगस्ट २०२५. तीन दिवसांत केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा: २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. कौशल्य असो की नशीब, पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेने खेळला जाणारा कुठलाही ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. ड्रीम ११ ने सही झाली त्याच दिवशी पैशांचे सामने थांबवले, जर्सीवरचं नावही गेलं. त्याच्या महिनाभर आधी आपल्याच विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. पुढे त्यांचं खातं बदललं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. आमच्या बाररूममध्ये त्या आठवड्यात दुसऱ्या कशावर चर्चाच झाली नाही.

आता सगळं स्पष्ट झालं असं वाटेल. वकिलाला तसं वाटत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'पैज आणि जुगार' हा विषय राज्यांच्या सूचीत आहे, ३४ वी नोंद. मग केंद्राने हा कायदा कोणत्या अधिकारात केला, हा प्रश्न कंपन्यांनी लगेच उपस्थित केला आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे ओढून घेतल्या. पण माझ्या दृष्टीने त्याहून मजेशीर गोष्ट वेगळीच आहे. केंद्राच्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तो पीडित आहे, असं सरकारने संसदेत सांगितलं. आणि आपल्या १८८७ च्या कायद्यात खेळणारा आरोपी आहे. समजा एखादा मुलगा चहाच्या टपरीवर बसून मोबाइलवर पैसे लावतोय. दिल्लीच्या कायद्याच्या नजरेत तो बळी. पोलीस ठाण्याच्या नजरेत, हवालदाराला वाटलं तर, सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळणारा इसम. एकच मुलगा, एकच मोबाइल, चहाही एकच.

कराच्या खात्याला तर हा प्रश्नच पडत नाही. पैजेतून, जुगारातून, कुठल्याही प्रकाराने जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे. जिंकणं कायदेशीर होतं की नव्हतं, हे कुणी विचारत नाही. सप्टेंबर २०२५ पासून बेटिंग, कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतीवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि आयपीएलचं तिकीटही त्याच रांगेत बसवलंय. राज्य सरकार १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवतं. आणि १९७६ साली आपल्या विधिमंडळाने चक्क कॅसिनोचा कायदा मंजूर केला होता. तो कधी लागू केला नाही आणि रद्दही केला नाही. २०२३ मध्ये एकदाचा रद्द झाला, तोपर्यंत सत्तेचाळीस वर्षं तो नुसता पुस्तकात होता. सट्ट्याबद्दल या राज्याचं मत काय, याचं मला सापडलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर ते आहे.

हे झालं गुन्ह्याचं. पण गुन्ह्याला फारसं कुणी घाबरत नाही. माणूस उद्ध्वस्त होतो तो वसुलीत, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

करार कायदा, १८७२, कलम ३०: पैजेचा करार रद्दबातल. जिंकलेल्याला हरलेल्याकडून पैसे वसूल करायला कोर्टात जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख प्रकरणात सांगितलं की असा करार रद्दबातल असला तरी त्याचा हेतू बेकायदा म्हणता येत नाही, त्यामुळे त्याला जोडून केलेले दुसरे करार, उदाहरणार्थ भागीदारी, टिकू शकतात. पण जुन्या मुंबई इलाख्यात त्याच्याही आधीचा, १८६५ चा एक छोटा कायदा आहे. त्यानुसार पैजेला मदत म्हणून केलेले, पैजेसाठी तारण म्हणून दिलेले करारही रद्दबातल. म्हणजे आपल्याकडे सट्ट्यासाठी म्हणून दिलेलं कर्जसुद्धा कोर्टातून वसूल होत नाही. देशाच्या बऱ्याच भागात हे संरक्षण नाही, आणि आमच्या तालुक्यात ते असल्याचं कुणाला माहीत नाही.

माहीत नसल्याने काय होतं ते सांगते. सोमवारी 'वलण' असतं, हिशेबाचा दिवस. पोरगा हरलेला असतो. बुकी थेट भांडत नाही, तो माणूस पाठवतो आणि हा माणूस म्हणतो, "पैसे मी देतो, तू मला महिन्याला दहा टक्के दे, आणि एक कोरा चेक सहीचा." पोरगा चेक देतो. पोराकडे चेकबुक नसेल तर बापाचा. सहा महिन्यांनी त्या चेकवर आकडा पडतो, चेक परत येतो, नोटीस येते, आणि फिर्यादीत लिहिलेलं असतं: आरोपीने घरगुती अडचणीसाठी 'हातउसने' घेतले. बहीण आजारी होती, बोअर मारायचा होता, असलं काहीतरी.

चेक बाऊन्सच्या कायद्यातल्या कलम १३८ प्रमाणे चेक कायदेशीर वसूल होण्याजोग्या देण्यापोटी दिलेला असला पाहिजे. सट्ट्याचं देणं तसं नसतंच. म्हणजे बचाव भक्कम आहे. फक्त चेकवर सही असली की कोर्ट कलम १३९ प्रमाणे देणं होतंच असं गृहीत धरून चालतं, आणि ते खोडून काढायची जबाबदारी आरोपीवर येते. पुरावा अगदी निःसंशय लागत नाही, शक्यता जास्त वाटली तरी पुरतं. पण त्यासाठी माझ्या पक्षकाराला न्यायाधीशांपुढे म्हणावं लागतं: साहेब, हे हातउसने नव्हते, मी सट्टा खेळलो.

म्हणजे एका गुन्ह्यातून सुटण्यासाठी दुसरा गुन्हा तोंडाने सांगायचा. समोर बसलेले साहेब तेच, ज्यांच्या बोर्डावर त्याच दिवशी कलम १२ च्या केसेस असतात. मी पक्षकाराला दोन्ही शिक्षांचा हिशेब मांडून दाखवते. चेकमध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इकडे किरकोळ दंडाची भीती, तीही कुणी नव्याने गुन्हा नोंदवला तर. कागदावर निर्णय सोपा आहे. प्रत्यक्षात मात्र मागच्या बाकावर बाप बसलेला असतो, आणि मुलाने सट्टा लावला हे त्याला अजून माहीत नसतं. त्याला वाटतं, पोराने मित्रासाठी सही केली. मग पोरगा तडजोडीला तयार होतो, हप्ते बांधून घेतो, आणि जे देणं कायद्याने अस्तित्वातच नाही ते लोकअदालतीत शिक्क्यानिशी कायदेशीर होऊन बसतं. अशा तडजोडीच्या कागदावर मीही सही केली आहे. पक्षकाराला तेच हवं होतं.

एक वाट कामाला येते ती सावकारीची. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं गुन्हा. सट्ट्याचं नाव न काढता त्या माणसाविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. महिन्याला व्याज गेल्याच्या यूपीआय नोंदी असतील तर हातउसन्याची गोष्ट तिथेच लंगडी पडते, कारण हातउसन्यावर दरमहा ठरलेली रक्कम कोण देतं? म्हणून मी सगळ्यांना सांगते, रोखीने व्याज देऊ नका. ऐकणारा अर्थात म्हणतो, व्याजच कशाला देऊ. बरोबर आहे, पण तो चेक देऊन बसलेला असतो.

मला कुणी विचारलं की सट्टा कायदेशीर करावा का, तर माझ्याकडे तयार उत्तर नाही. क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१६ मध्ये परवानगी द्या म्हटलं. विधी आयोगाने २०१८ च्या २७६ व्या अहवालात आधी म्हटलं, सध्या नको. मग म्हटलं, थांबवता येत नसेल तर पॅन-आधार जोडून, रोकड बंद करून नियंत्रण ठेवा. दोन्ही अहवाल क्रिकेटच्या शुद्धतेसाठी आणि महसुलासाठी तळमळतात. चेकवर सही करणारा माणूस त्यात मला फारसा दिसला नाही. माझी मागणी फार लहान आहे: राज्याने १८८७ च्या कायद्यातून खेळणाऱ्याला बाहेर काढावं, निदान पहिल्या वेळी. मग तो कोर्टात येऊन खरं बोलू शकेल, आणि त्याच्या खऱ्या बोलण्यावर बुकीचा सावकार सापडेल. चिठ्ठी लिहिणाऱ्याला वर्षातून चार वेळा पकडून आजवर कुणाच्या वरचा माणूस हाताला लागलाय?

हल्ली आणखी एक प्रकार सुरू झालाय आणि त्यात कॉलेजची मुलं सापडतात. 'खातं भाड्याने' देणं. आपलं बचत खातं, एटीएम आणि त्याला जोडलेलं सिम कुणाला तरी द्यायचं, महिन्याला चार-पाच हजार मिळतात. त्या खात्यातून सट्ट्याचे पैसे फिरतात. मुलाला वाटतं आपण काही खेळलो नाही, मग आपला काय संबंध. मध्येच दुसऱ्या राज्यात कुणीतरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतं, तिथले सायबर पोलीस बँकेला कळवतात आणि खातं गोठतं. त्याच खात्यावर शिष्यवृत्ती येत असेल तर तीही अडकते. पीडित फक्त खेळणारा; पैसे फिरवायला मदत करणाऱ्याला केंद्राच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंतची तरतूद आहे. सध्या माझ्याकडे असं एक प्रकरण आहे. मुलगा बी.कॉमच्या दुसऱ्या वर्षाला, आणि खातं सोडवायचं तर अर्ज तेलंगणातल्या पोलीस ठाण्यात करायचा, त्याची भाषा आम्हा दोघांनाही येत नाही. पहिला अर्ज मी इंग्रजीत पाठवलाय, पोच अजून आलेली नाही.